घरविक्री आणि मालकाचे मौन

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण व्यवहारी माणसाला फार प्रिय आहे. परंतु घर विकताना मूठ कितपत झाकावी याला कायद्याने मर्यादा घातली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हा व्यवहाराचा सर्वसाधारण नियम. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम १७ प्रमाणे नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. कायद्यानेच दिलेली उदाहरणे मोठी मार्मिक आहेत. एकाने लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे माहीत असूनही तो काही बोलला नाही. ही फसवणूक ठरत नाही. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन', तर त्यानंतरचे मौन बोलण्याइतकेच बंधनकारक होते.

घराच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम ५५ प्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर, विकणाऱ्याने आपण होऊन दोष सांगितला पाहिजे. त्यासाठी तीन अटी आहेत. दोष महत्त्वाचा हवा. तो विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात हवा. आणि साधारण दक्षता घेऊनही घेणाऱ्याला न कळणारा हवा. असा दोष दडविणे ही कायद्याच्या दृष्टीने लबाडीच होय.

मोडकी खिडकी सर्वांना दिसते. ती सांगण्याची गरज नाही. पण दर पावसाळ्यात छत गळते आणि मालकाने उन्हाळ्यात गिलावा करून वर रंग दिला आहे. वैशाखात घर पाहायला आलेल्या माणसाला ते कळावे कसे? हक्कातील दोषही असाच. घरावर बहिणीचा वारसाहक्क आहे, पण कागदोपत्री त्याची नोंद नाही; मालकाने तो सांगितलाच पाहिजे.

ही कडक भूमिका मला रास्त वाटते. मध्यमवर्गीय माणूस घर बहुधा एकदाच घेतो. त्यात भविष्यनिर्वाह निधी जातो, पत्नीचे दागिने जातात, वर कर्ज होते. आणि घर पाहायला मिळते तासभर.

कायदा एकतर्फी मात्र नाही. एखाद्या वृद्धेला आपण घराच्या अर्ध्या हिश्श्याचीच मालकीण आहोत असे वाटते, पण सारे घर तिचेच आहे हे घेणाऱ्याला ठाऊक आहे. अशा वेळी ते सांगणे घेणाऱ्याचे कर्तव्य असते.

नव्या सदनिकांसाठी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणखी संरक्षण दिले आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा हा आधार नसतो. तेथे १८८२ चा कायदाच उपयोगी पडतो.

तरीही सावधगिरी हवी. 'आहे त्या स्थितीत घर घेतले' अशासारखे वाक्य खरेदीखतात आले, की विकणारा त्याच्याच आडोशाला जाऊ पाहतो. शिवाय दोष त्याला आधी ठाऊक होता हे सिद्ध करणे कठीण असते. म्हणून गळती, जुनी दुरुस्ती, वारस, कोर्टातील दावे यांविषयी सरळ प्रश्न लिहून विचारावेत आणि लेखी उत्तर घ्यावे. प्रामाणिक मालकाला त्याचा राग येण्याचे कारण नाही. पुढील भांडणातून त्याचीही सुटका त्यामुळेच होते.