मोटरीचा कपॅसिटर : आकडा बघा, आतला पडदाही बघा



एप्रिल-मे महिन्यात ऊस पाण्यावर आलेला असतो आणि नेमकी तेव्हाच मोटर दगा देते. ‘नुसती हूं हूं करते, पाणी उचलत नाही,’ ही तक्रार दर उन्हाळ्यात गट ऑफिसात येते. पुष्कळदा दोष मोटरीत नसतो, पेटीतल्या कपॅसिटरमध्ये असतो. यालाच आपण कंडेन्सर म्हणतो. घाईघाईत ‘आकडा जवळपास आहे, चालतंय’ म्हणून मिळेल तो बसवला जातो. मग रिवाइंडिंगचा खर्च येतो आणि पाण्याची पाळी चुकते ती वेगळीच.

आत असतं काय?

धातूचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा एक पडदा, एवढाच हा कारभार. पण सगळा गुण या पडद्यात आहे. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1837 साली दाखवून दिले, की दोन धातूंमध्ये हवेऐवजी गंधक किंवा लाख भरली तर विजेचा साठा वाढतो. कपॅसिटरवरचा ‘मायक्रोफॅरड’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. हवेचा गुण 1 धरला तर पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा सुमारे 2.2, अभ्रकाचा 5 ते 7 आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा 8 ते 10 येतो. पडदा जितका पातळ, तितका साठा जास्त. पण व्होल्टेज सोसायची ताकद तितकी कमी.

स्टार्टिंगचा वेगळा, रनिंगचा वेगळा

सिंगल फेज मोटरीच्या पेटीत बहुधा दोन कपॅसिटर असतात. स्टार्टिंगच्या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळे लहान डबीत मोठा साठा मावतो आणि मोटरीला जोराचा धक्का मिळतो. पण हा पडदा लवकर तापतो. त्याचे काम काही सेकंदांचे. तो लाइनवर तसाच राहिला तर फुगतो, फुटतोसुद्धा.

रनिंगच्या कपॅसिटरमध्ये पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते. साठा कमी, पण ती फारच कमी तापते, म्हणून तासन् तास चालते. तेव्हा आकडा जुळला तरी एकाच्या जागी दुसरा कधीही बसवू नये.

या फिल्मला बारीक छिद्र पडले, तर भोवतालचा धातूचा मुलामा जळून जातो आणि जखम आपोआप बंद होते. कपॅसिटर चालू राहतो, मात्र दर वेळी साठा थोडा घटतो. म्हणूनच वरून धड दिसणारा कपॅसिटर आतून अर्धा झालेला असू शकतो. मोटर मग कण्हते, तापते आणि शेवटी जळते.

थ्री फेजचे गणित

5 अश्वशक्तीच्या मोटरीला साधारण 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. मोटरीला लागणारा चुंबकीय प्रवाह तो जागेवरच पुरवतो, म्हणून डीपीपासून येणाऱ्या तारांवरचा बोजा कमी होतो आणि व्होल्टेजची घट कमी होते. शेजाऱ्यालाही त्याचा फायदा. पण व्होल्टेज 415 वरून 350 वर आले, तर त्याचे काम सुमारे 71 टक्केच उरते. उलट रात्री भार कमी होऊन व्होल्टेज चढले की फिल्मवर ताण येतो. म्हणून 440 व्होल्टचाच घ्यावा.

एवढे जरूर करा

1. उन्हाळ्याआधी वायरमनकडून मायक्रोफॅरड मोजून घ्या. रनिंगचा कपॅसिटर छापील आकड्याच्या 10 टक्क्यांहून जास्त घटला असेल तर बदला.

2. पेटीला सावली करा. उष्णतेने पडद्याचे आयुष्य झपाट्याने घटते. ढोबळमानाने 10 अंश तापमान वाढले की आयुष्य निम्मे.

3. फुगलेला किंवा तेल गळणारा कपॅसिटर त्या दिवशीच काढा.

4. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठा राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. मेन स्वीच बंद करून किमान 5 मिनिटे थांबा. साठा वायरमनकडूनच उतरवून घ्या. पान्हा किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावून ठिणगी पाडू नका.

नवा कपॅसिटर आणायला जाताना जुना बरोबर न्या आणि त्यावरचा मायक्रोफॅरड, व्होल्ट आणि प्रकार हे तिन्ही ताडून घ्या. पाच मिनिटांचे हे काम उभ्या उसाची एक पाळी वाचवील.

— ऊस विकास अधिकारी