वर्तुळाच्या वाटण्या

एखादी समग्र राशी तिच्या घटकांत कशी विभागली गेली आहे, हे आकड्यांच्या रुक्ष रकान्यांऐवजी वर्तुळाच्या पाकळ्यांतून दाखविण्याची युक्ती विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने 1801 साली ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ या आपल्या ग्रंथात योजिली, आणि तुर्की साम्राज्याचा मुलूख आशिया, युरोप व आफ्रिका या तीन खंडांत किती किती पसरला आहे, हे वर्तुळ छेदून वाचकांपुढे मांडले. शाळेत ज्याला वृत्तालेख म्हणतात तो हाच. कंपास व कोनमापक यांची चाकरी मात्र आता संगणकाकडे आली आहे. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-स्पंदनांचा अभ्यास करणाऱ्या जॉन हंटर यांनी पायथन या संगणकभाषेसाठी रचलेली आणि 2003 साली प्रसिद्ध झालेली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी, म्हणजे आलेखनाच्या आयत्या आज्ञांचा संग्रह, हे काम एका ओळीत उरकते.

उदाहरणार्थ, महाराष्ट्राचे 36 जिल्हे सहा महसुली विभागांत वाटलेले आहेत: छत्रपती संभाजीनगर 8, कोकण 7, नागपूर 6, आणि नाशिक, पुणे व अमरावती प्रत्येकी 5. वर्तुळाचे 360 अंश आणि जिल्हे 36, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला बिनतक्रार दहा अंश! हे सहा आकडे ‘पाय’ या आज्ञेच्या हवाली करताच आलेख तयार होतो खरा. परंतु लायब्ररीचा शिरस्ता असा, की पहिली पाकळी घड्याळातील तीनच्या जागेपासून निघते आणि पुढील पाकळ्या काट्यांच्या उलट दिशेने मांडल्या जातात. ‘स्टार्टअँगल’ 90 ठेवून ‘काउंटरक्लॉक’ला नकार दिला, म्हणजे गणना बाराच्या जागेपासून काट्यांच्या दिशेने, जशी आपली नजर सहज वळते तशी, होऊ लागते.

‘ऑटोपीसीटी’ ही पाकळीवर टक्केवारी छापणारी तजवीज. परंतु ‘कोकणात 19.4 टक्के जिल्हे’ या विधानाने कोणाचे काय भले होणार? येथे सात हाच आकडा हवा. सुदैवाने या जागी स्वतः लिहिलेले छोटे सूत्र देण्याची मुभा आहे: लायब्ररी त्याला टक्केवारी पुरविते, आणि ते तिला 36 ने गुणून व 100 ने भागून मूळ संख्या परत आणते.

हा आकडा छापणे अगत्याचे आहे, कारण विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 साली दाखवून दिल्याप्रमाणे कोनांची तुलना करण्यात आपली दृष्टी, एकाच मोजपट्टीवरील स्थानांच्या तुलनेत, कच्ची ठरते. नागपूरचे 60 अंश आणि पुण्याचे 50 अंश यांतील तफावत निव्वळ नजरेने सांगणारा विरळा. म्हणूनच पाकळी वर्तुळाबाहेर सरकविणारा ‘एक्स्प्लोड’ आणि खाली सावली पाडणारा ‘शॅडो’ हे सभांच्या पडद्यावर फार लोकप्रिय असलेले अलंकार मला उपद्रवी वाटतात. एखाद्याच पाकळीकडे लक्ष वेधायचे असेल, तर तिला गडद रंग व इतरांना करडा देणे अधिक सभ्य होय. ‘वेजप्रॉप्स’मधून पाकळ्यांना रुंदी देऊन वर्तुळाचे कडे बनविता येते, मोकळ्या मध्यभागी एकूण 36 हा आकडा मावतो.

मराठी माणसाची खरी अडचण नावे लिहिताना उभी राहते. लायब्ररीसोबत येणाऱ्या मूळ टंकात देवनागरी नसल्यामुळे अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. देवनागरी टंक निवडला की ‘पुणे’ ठाकठीक दिसते. परंतु अक्षरजुळणीचे संस्कार ज्या आवृत्त्यांत होत नाहीत, तेथे ‘नाशिक’मधील वेलांटी ‘श’ला सोडून ‘क’च्या माथ्यावर बसते आणि ‘छत्रपती’चे जोडाक्षर विस्कटते. अशा वेळी आलेख एसव्हीजी स्वरूपात जतन करावा, आणि अक्षरांची चित्रे न करता ती अक्षरेच राहू द्यावीत, असा हुकूम ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ला ‘नन’ देऊन सोडावा. मग जुळणीचे काम ब्राउझर करतो, आणि त्याला देवनागरीची रीत ठाऊक असते.