मेंदूच्या लहरींचा आरसा

युद्धावरून सुखरूप परतलेला मुलगा रात्रीं किंचाळून उठतो, दार आपटलें तरी दचकतो, घरच्यांशीं बोलेनासा होतो. जगांतील कितीतरी कुटुंबांस हा अनुभव आला आहे. या 'आघातोत्तर ताण-विकारा'स अमेरिकेंतील मानसरोग-वैद्यांनीं १९८० सालीं स्वतंत्र रोगाचें स्थान दिलें. अशा माणसास 'झालें गेलें विसरून जा' असें सांगणें व्यर्थ होय. भय त्याच्या विचारांत नसून अंगांत भिनलेलें असतें.

मग मेंदूसच वळण लावतां येईल काय? जर्मनींतील येना येथें डॉ. हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम टिपल्या. (गंमत अशी कीं, तरुणपणीं सैन्यांत असतां ते घोड्यावरून पडून तोफेच्या गाड्याखालीं सांपडतां सांपडतां वांचले, त्याच दिवशीं दूर असलेल्या बहिणीस अनिष्टाची चाहूल लागून घरून तार आली, आणि या कोड्यानेंच त्यांस मेंदूच्या संशोधनाकडे ओढलें!)

या लहरी ज्याच्या त्यास दाखवावयाच्या, एवढीच या उपचाराची युक्ति. डोक्यास लहरी टिपणार्‍या तारा लावतात. समोर चित्र असतें किंवा सूर ऐकूं येतो. इष्ट लहर वाढली कीं चित्र उजळतें, ओसरली कीं मंदावतें. यंत्र मेंदूंत कांहींएक सोडीत नाहीं, तें नुसता आरसा धरतें. केस विंचरावयाचे ते ज्याचे त्यानेंच. तें कसें साधलें, हें मात्र त्यास सांगतां येत नाहीं. सायकलीवर तोल कसा सांवरला, हें तरी कोणास सांगतां येतें?

कोलोराडोंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पेनिस्टन व कुल्कोस्की यांनीं व्हिएतनाम युद्धांतील २९ सैनिकांवर केलेला प्रयोग १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. लहरींचे ३० पाठ घेतलेल्या १५ जणांपैकीं ३० महिन्यांत तिघांचाच विकार उलटला. नेहमींचा उपचार घेतलेल्या चौदाहि जणांचा उलटला. पुढें २०१६ सालीं डॉ. व्हॅन डर कोल्क प्रभृतींनीं ५२ रोग्यांची परीक्षा केली. २४ पाठांनंतर शेंकडा २७ रोग्यांतच विकार उरला; नुसती वाट पाहणार्‍यांत तो शेंकडा ६८ जणांत होता.

आंकडे हुरूप देणारे खरे. परंतु वाट पाहणार्‍यांस कोणीं जवळ बसवून घेतलें होतें? गुण लहरींचा कीं आस्थेनें लक्ष देणार्‍या माणसाचा, हें ठरविण्यास खोटा आरसाहि दाखवून पाहिला पाहिजे. निद्रानाशाच्या रोग्यांवर ऑस्ट्रियांत तसें केलें, तेव्हां २०१७ सालीं निष्कर्ष आला कीं, खर्‍या व खोट्या आरशानें सारखाच गुण येतो! म्हणून घरांत असा रोगी असल्यास, आघाताची आठवण तज्ज्ञाच्या सोबतीनें हळूहळू उलगडावयास लावणारे संभाषणोपचार आधीं करावे, त्यांचा पुरावा अधिक भक्कम आहे. आणि लहरींचे पाठ घ्यावयाचेच तर चालू औषधें न सोडतां, त्याच वैद्याच्या विचारानें घ्यावे.