जुंदबेदस्तर

नाशिकला आमच्या आजोबांचे काष्ठौषधींचे दुकान होते. तेथील एका बरणीत सुक्या अंजिरासारख्या काळपट पिशव्यांच्या जोड्या असत. चिठ्ठीवर नाव ‘जुंदबेदस्तर’. युनानी हकीम ते लकव्यावर देत. फारसीत याचा अर्थ बीवरचे वृषण. आजोबा गिऱ्हाइकांना तेच सांगत आणि मीही.

पुढे वाचनात आले, की हे चूक आहे. नदीवर लाकडांचे बांध घालणाऱ्या या प्राण्याच्या नर-मादी दोघांनाही शेपटीच्या मुळाशी या गंधपिशव्या असतात. त्यांतील स्राव काठच्या चिखलावर टाकून तो आपली हद्द आखतो.

उत्तर अमेरिकेतील शिकारी ही जोडी न तोडता, भोक न पाडता काढतात. चरबी-मांस खरवडून हवेशीर सावलीत टांगून सुकवतात. पिशवी फुटली तर माल ओघळतो, भाव पडतो. कातड्यांचे व्यापारी ती वजनावर घेतात. पुढे ती अत्तरात किंवा सापळ्याच्या आमिषात जाते.

कातडे, मांस आणि या पिशव्या यांपायी युरोप-आशियात १९०० च्या सुमारास जेमतेम बाराशे बीवर उरले होते. पुढे संरक्षण मिळाले, म्हणून ते वाचले.

दुकान आता नाही. रिकामी बरणी घरी आहे. तिच्यावरची चिठ्ठी मात्र मी बदलली आहे.