चष्मा, कार्ड आणि केसपेपर

आरोग्यविम्याचे कार्ड हाती आले की आपण पहिली चौकशी कशाची करतो? चष्म्याची! निदान आमच्या आईने तरी केली. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्ड देण्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा बहात्तर वर्षांच्या आईचे कार्ड मीच काढून आणले. मग आम्ही मायलेक बाजारपेठेतली चष्म्याची चार दुकाने हिंडलो. "हे कार्ड चालतं का हो?" दुकानदार कार्ड उलटसुलट करून पाही आणि परत देई.

त्याचे काही चुकत नव्हते. चुकत होते ते प्राध्यापकाचे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे हे संरक्षण आहे ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी. डोळे तपासून नंबर काढणे हे बाह्यरुग्ण विभागाचे काम. ते त्यात बसत नाही, आणि चष्म्याची किंमतही बसत नाही. कामगार विम्याची गोष्ट निराळी. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या ज्या कामगारांची वर्गणी कापली जाते, त्यांना व त्यांच्या कुटुंबाला नुसती तपासणीही मिळते. त्यांनी आपल्या विमा दवाखान्यात जावे आणि डोळ्यांसाठी तेथून पुढची चिठ्ठी घ्यावी.

मग इतरांनी काय करावे? कार्ड चालणारे दुकान शोधण्यात दिवस घालवू नयेत. तालुक्याचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे आणि तेथे नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात ते विचारावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. नंबरची चिठ्ठी आपली. चष्मा वाटेल तेथे करावा. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना आणि चाळिशी लागलेल्या वयस्कांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे. ते आले आहेत का, हे विचारायला लाजू नये.

आम्हाला हे सारे उशिरा कळले. पाचव्या दुकानात यंत्रापुढे हनुवटी टेकवून तीन मिनिटांत नंबर निघाला आणि चष्मा झाला. आई पोथी झरझर वाचू लागली. पण उंबऱ्याला ठेचकाळे, दाराच्या कडेला खांदा आपटे. "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू," असे म्हणून आम्ही सहा महिने काढले. अखेर ग्रामीण रुग्णालयातल्या बाईंनी तिला जिल्हा रुग्णालयात पाठवले, तेथे डोळ्यातला दाब मोजला गेला. तो काचबिंदू होता.

नावे सारखी, पण जात वेगळी. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा शस्त्रक्रियेने परत मिळते, आणि तो पिकण्याची वाट पाहण्याचे दिवसही आता गेले. काचबिंदू मात्र कडेकडेची नजर गुपचूप खात येतो. समोरची अक्षरे शेवटपर्यंत स्पष्ट दिसतात, म्हणून नंबर काढताना तो सापडेलच असे नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखता येते. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असेल तर, नंबराबरोबर दाब आणि डोळ्याचा पडदाही तपासून मागावा.

आईच्या डोळ्यांत आता रोज रात्री थेंब पडतात. डावीकडून कोणी आले तर तिला कळत नाही. आम्ही उजवीकडून जातो.