मनाच्या दुखण्यालाही मलिदा हवा

टायफॉईडमधून मूल उठले किंवा एखादी शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, की आपल्या घरी मलिद्याचे ताट भरते. पोहे, नारळ, साखर व फळे मांडून आपण एलियाहू हान्नाबीचे स्मरण करतो, ईश्वराचे आभार मानतो आणि जमलेल्या आप्तांना दुखण्याची हकीकत सांगतो. परंतु मनाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसासाठी केलेला मलिदा आपणांपैकी किती जणांनी पाहिला आहे?

वास्तविक आपला धर्म असा भेद करीत नाही. आजाऱ्यासाठी म्हणावयाच्या ‘मी शेबेराख’ प्रार्थनेत प्रथम नेफेशच्या, म्हणजे जिवाच्या, आरोग्याची याचना असते. शरीराचे आरोग्य त्यानंतर येते. लपवालपवी आपण शिकलो ती लोकलज्जेपोटी. मुलींची लग्ने अडतील, चारचौघांत बोभाटा होईल, हे भय मनात असते. परदेशी आल्यावर ते वाढलेच, कारण येथे आपली घरे मोजकी आणि सर्व एकमेकांच्या ओळखीची.

ब्रिटनमध्ये १९८९ साली स्थापन झालेल्या ‘जामी’ या यहुदी संस्थेने मानसिक आरोग्याचा शब्बाथ पाळण्याचा पायंडा पाडला. त्यासाठी ‘बो’ ही पराशा निवडली. ती ऐन हिवाळ्यात येते. मिसरावर तीन दिवस अंधार पडला, कोणी कोणास पाहू शकेना, कोणी जागचा हलेना, ही कथा त्याच पराशात आहे.

तो अंधार मी जाणतो. पत्नीच्या निधनानंतर दोन हिवाळे मी घराबाहेर पडणे टाळले. टेलिफोन आला की ‘जरा सर्दी आहे’ असे सांगत असे. एका शब्बाथी किद्दुशच्या वेळी एका वृद्ध गृहस्थांनी सहज सांगितले, की तरुणपणी अशाच दुखण्याने तेही काही महिने इस्पितळात होते. उपदेश त्यांनी मुळीच केला नाही. त्याच रात्री मी मुलीला प्रथम खरे सांगितले आणि तिने मला डॉक्टरांकडे नेले.

कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनीही पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपविला नाही. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्थापन केलेल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ने रुग्ण व नातलगांना स्वमदत गटांत एकत्र बसविले. ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटामागेही त्यांचेच पाठबळ होते.

अर्थात, काही पथ्ये पाळावयास हवीत. दुसऱ्याची हकीकत त्याच्या अनुमतीवाचून सांगू नये. ऐकणाऱ्याने उपाय सुचविण्याची घाई करू नये. बोलणे ही औषधोपचाराची जागा घेत नाही, आपल्या जी.पी.ला अवश्य भेटावे. रात्री-अपरात्री जीव फारच घाबरला, तर १९५३ पासून कार्य करणाऱ्या ‘समॅरिटन्स’ संस्थेचा ११६ १२३ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

मी माझी हकीकत येथे लिहिली, ती कोणा एकाला आपली सांगण्याचे धैर्य यावे म्हणून. येत्या हिवाळ्यात आमच्या घरी मलिदा होईल. कारण विचारणाऱ्यास या वेळी मी खरे तेच सांगेन.