फलटण येथील पोथ्यांची यादी व ऑनलाइन शोधसाधनें

फलटण हें नाईक-निंबाळकरांच्या संस्थानाचें ठाणें म्हणून इतिहासज्ञांस सुपरिचित आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकीं चक्रपाणि, म्हणजेच चांगदेव राऊळ, यांचें जन्मस्थान म्हणून त्या पंथाच्या अनुयायांस तें पूज्यही आहे. या दोन कारणांनीं येथील जुन्या घरांतून दोन निरनिराळ्या तऱ्हेचा संग्रह निघतो : एकीकडे मोडी कागद, दुसरीकडे देवनागरी व क्वचित् सकळादि सांकेतिक लिपींतील पोथ्या. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. पुढें घरांच्या वांटण्या झाल्या, माड्या उतरल्या, आणि रुमालांत बांधलेल्या पोथ्या कोणीं बाणगंगेंत सोडल्या, कोणीं रद्दीस घातल्या. थोड्या गांवांतील एका सार्वजनिक ग्रंथालयांत येऊन पडल्या. अशा पोथ्यांची एक हस्तलिखित यादी सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्हीं केली होती. ती यादी हल्लीं संगणकांत उतरविली जात असतां तींत एक ढोबळ चूक आढळली. ती कशी झाली व कशी सांपडली, हें संग्राहकांस सांगण्यासारखें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. चूक आमचीच आहे, हें आरंभींच नमूद करतों.

सदरहू ग्रंथालयांत देवघेवीच्या मेजावर एक बाई काम करितात. त्या एके काळीं शाळेंत आमच्याच वर्गांत होत्या. वर्तमानपत्रें लावणें, वर्गणीच्या पावत्या फाडणें, दाखल क्रमांक घालणें, हें त्यांचें नित्याचें काम. पोथ्यांची यादी संगणकांत भरण्याचें काम त्यांजकडे आलें तेव्हां त्यांस त्याचा कांहींएक सराव नव्हता. त्यांच्यापुढें जें नोंदपत्रक उघडलें तें छापील पुस्तकासाठीं केलेलें होतें. प्रकाशक, आवृत्ति, किंमत, हीं घरें भरल्याशिवाय तें पुढें सरकेना. पोथीला प्रकाशक कोठून आणावा ? त्यांनीं तेथें "नाहीं" असें लिहिलें. पुढें एकदां आमच्या असें दृष्टीस पडलें कीं, त्या नोंदींत "नाहीं" या नांवाच्या प्रकाशकाचीं एकतीस पुस्तकें जमा झालीं आहेत !

परंतु बाईंनीं एक गोष्ट अशी केली कीं जी आम्हांस चाळीस वर्षें पोथ्या चाळून सुचली नाहीं. त्यांनीं एक वही घातली. इंटरनेटवर कोणत्या दिवशीं, कोणत्या साधनांत, कोणतें नांव कोणत्या अक्षरांनीं लिहून शोधलें, आणि किती नोंदी पुढें आल्या, हें त्या वहींत त्या टिपून ठेवीत. कांहीं आलें नाहीं तर तेंही लिहीत. ही वही आमच्यापुढें आहे आणि प्रस्तुत लेखाचा बराचसा आधार तीच आहे.

साधनें कोणतीं, हें थोडक्यांत सांगतों. जुन्या छापील सूची आतां चित्ररूपानें घरबसल्या पाहावयास मिळतात. आउफ्रेख्टची लाइप्त्सिक येथें १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत निघालेली संस्कृत ग्रंथांची महासूची पूर्वीं आम्ही पुण्यास जाऊन पाहत असूं. ती बाईंनीं ग्रंथालयाच्या मेजावरच उघडली. ब्लूमहार्टनें केलेली ब्रिटिश म्यूझियममधील मराठी हस्तलिखितांची सूची १९०५ ची आहे. त्यांतच गुजराथी, बंगाली वगैरे भाषांचीं हस्तलिखितें असल्यानें मराठी अभ्यासकाच्या हातीं ती क्वचितच पडे. रेसाइड यांनीं महानुभाव ग्रंथांची जी सूची केली ती १९६० सालीं लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या-पत्रिकेंत छापली गेली. या झाल्या छापील सूची. याखेरीज २००३ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशननें "कृतिसंपदा" नांवाचा नोंदसंग्रह सुरू केला, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पांत केंद्र सरकारनें "ज्ञानभारतम्" ही योजना जाहीर केली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन हा तिचा संकल्प असून खासगी संग्राहकांचाही तींत समावेश आहे. सबब हा विषय आमच्या वाचकांच्या अगदीं दारांत आला आहे असें समजावें.

या सर्व साधनांविषयीं एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. शोध पोथींत होत नसतो, पोथीवर कोणीं लिहिलेल्या नोंदींत होतो. पोथीचें चित्र किती का स्वच्छ असेना, नोंदणाऱ्यानें नांव चुकीचें लिहिलें असेल तर ती पोथी हरवलेल्यासारखीच. छापील सूचींत बोट फिरवितां फिरवितां शेजारची ओळ सहज दिसे व चूक कळे. येथें शेजारची ओळ दिसतच नाहीं.

आतां मूळ प्रकरणाकडे वळूं. आमच्या जुन्या यादींत एक नोंद अशी होती : "शिशुपालवध. माघकृत. अपूर्ण. सर्वत्र उपलब्ध, परत देण्यास हरकत नाहीं." ज्या घराण्याची ती पोथी, त्यांच्या वारसांनीं पोथ्या परत मागितल्या होत्या, आणि घरांत ठेवण्यास जागा नसल्यानें त्या नदींत विसर्जन करण्याचा त्यांचा विचार होता, असें आम्हांस मागाहून समजलें. माघाच्या महाकाव्याच्या प्रती भरतखंडांत कोठेंही मिळतात. मग एक अपूर्ण प्रत गेली तर बिघडलें काय, असा हिशेब.

बाईंनीं ती नोंद आमच्या शब्दावर विश्वासून जशीच्या तशी भरली. पुढें नोंदपत्रकांत "सर्गसंख्या" लिहावयाची होती. माघाचें काव्य वीस सर्गांचें आहे, हें त्यांस इंटरनेटवर लगेच कळलें, आणि आपल्या पोथींत किती सर्ग आहेत हें मोजण्याकरितां त्यांनीं रुमाल सोडला. सर्ग कोठेंच दिसेनात. वर्णनात्मक सूचींतून ग्रंथाचा आरंभ व अंत देण्याची जी चाल आहे ती त्यांच्या ध्यानांत आली होती. त्यांनीं पहिल्या पानाचें छायाचित्र घेऊन माघाच्या छापील आरंभाशीं ताडून पाहिलें. जमेना. त्या सायंकाळीं त्या आमच्या घरीं आल्या व म्हणाल्या, "सर, ही पोथी ओवीची आहे. माघानें मराठींतही लिहिलें होतें काय ?"

आम्हीं पोथी पाहिली मात्र, आणि आमची आम्हांस लाज वाटली. वेष्टनावर स्वच्छ अक्षरांत "शिशुपाळवध" असें होतें. महानुभाव कवि भास्करभट्ट बोरीकर यांचें ओवीबद्ध काव्य तें हेंच. आम्हीं त्या दिवशीं घाईंत वेष्टनें वाचून यादी केली, पोथी उघडली नाहीं, आणि संस्कृताच्या संवयीनें "ळ" हा अपभ्रष्ट समजून "ल" असा शुद्ध करून टाकिला. एकदां "ल" झाल्यावर "माघकृत" हें आपोआपच हातून उतरलें. त्या एका अक्षरावर ग्रंथ, कर्ता, भाषा व पंथ हीं चारही अवलंबून होतीं. बाईंनीं नंतर वहींत लिहिलें आहे : "ल लिहून शोधलें, सर्व माघ. ळ लिहून शोधलें, भास्करभट्ट आला." विशेष हें कीं ळकार संस्कृताला अगदीं परका आहे असेंही नाहीं. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेंत तो आहे, आणि हें आम्हीं वर्गांत प्रतिवर्षीं शिकवीत होतों.

रोमन लिपींत हा घोंटाळा आणखी वाढतो. १८९४ च्या जिनिव्हा येथील प्राच्यविद्यापरिषदेंतून रूढ झालेल्या पद्धतींत रोमन "ल" खालीं टिंब दिलें म्हणजे तो ऌकार होतो. २००१ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत (क्रमांक १५९१९) तेंच टिंब ळकाराचें आहे, आणि ऌकारासाठीं टिंबाऐवजीं बारीक वर्तुळ दिलें आहे. म्हणजे एकच चिन्ह दोन पद्धतींत दोन वर्ण दाखवितें. लिपि बदलून देणारीं जीं साधनें इंटरनेटवर आहेत (विनोद राजन यांचें "अक्षरमुख" हें त्यांपैकीं प्रसिद्ध), त्यांत मूळ लेखन कोणत्या पद्धतीचें आहे हें आपणच सांगावें लागतें. तें चुकलें तर "पाळ" या ठिकाणीं भलताच स्वर उभा राहतो. आणि जे टिंबें मुळींच देत नाहींत त्यांच्या नोंदींत दोन्ही शिशुपाल एकरूप होऊन बसतात. रुक्मिणीस्वयंवराचीही तीच गत आहे. नरेंद्राचें आणि एकनाथांचें, दोन्ही नांवें अक्षरशः एक. तेथें कर्त्याच्या नांवावांचून शोधणें व्यर्थ.

कालनिर्णयाच्या बाबतींत मात्र या साधनांनीं आमचे पुष्कळ श्रम वांचविले, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. त्याच रुमालांत गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवाची एक प्रत आहे. पुष्पिकेंतील शक बाईंनीं १७९५ असा वाचला; जुन्या हातांत १ व ९ हे अंक फार जवळचे असतात. संवत्सराचें नांव मात्र तेथें "प्रमादी" असें स्पष्ट होतें. दक्षिणेकडील गणना अशी कीं शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी उरेल तो प्रभवापासून संवत्सराचा अनुक्रम. १७९५ ला बाकी ७ येते, तो श्रीमुख. १७१५ ला ४७ येते, तो प्रमादी. म्हणजे प्रत सवाई माधवरावांच्या वेळची, इ. स. १७९३-९४ ची, वाचली होती त्याहून ऐशीं वर्षें जुनी. हा ताळा आम्हीं बाईंस कागदावर शिकविला, आणि त्यांनीं आम्हांस जपानांतील मिचिओ यानो व फुशिमी यांनीं सूर्यसिद्धांतावरून रचलेलें पंचांगाचें साधन दाखविलें. त्यांत तिथि व वार पडताळून पाहतां येतात. १ च्या जागीं ७ वाचला गेल्यास शकांत साठ वर्षांचा फरक पडून संवत्सर तोच येतो. अशा वेळीं वाराखेरीज गति नाहीं.

इंग्रजी तारखेची मात्र सावधगिरी बाळगावी. बाईंनीं परीक्षेसाठीं शिवराज्याभिषेकाची तिथि घातली. एका साधनानें ६ जून दिला, दुसऱ्यानें १६ जून, आणि जेधे शकावलींत तर वार शुक्रवार. त्या अगदीं गोंधळून गेल्या. वस्तुतः तिन्ही बरोबर आहेत. शकावलींत शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असतां, असा काल आहे. आपला वार सूर्योदयापासून धरतात म्हणून तो शुक्रवार; इंग्रजी दिवस मध्यरात्रीं पालटतो म्हणून शनिवार. ६ जून १६७४ ही जुन्या, ज्यूलियन गणनेची तारीख. तोच दिवस नव्या, ग्रेगोरियन गणनेनें १६ जून. इंग्रजांनीं १७५२ पर्यंत जुनी गणना चालविली, पोर्तुगीजांनीं मात्र नवी आधींच घेतली होती. तेव्हां मुंबईचे कागद व गोव्याचे कागद यांत दहा दिवसांचें अंतर दिसणारच. ज्या नोंदींत नुसती तारीख असून गणना सांगितलेली नाहीं, तिचा विश्वास धरूं नये. आमच्या ग्रंथालयांत आतां शक, संवत्सर, मास, तिथि व वार पोथींत असतील तसे आधीं लिहितात, आणि इंग्रजी तारीख गणनेसह निराळ्या घरांत देतात.

नांवांचेंही तसेंच ठरविलें आहे. पोथीवर जें रूप असेल तें एकाही अक्षराची दुरुस्ती न करितां देवनागरींत लिहावयाचें, आणि विद्वन्मान्य रूप, कर्ता वगैरे नोंदणाऱ्याचें अनुमान म्हणून वेगळें. सकळ लिपींतील पोथी असेल तर लिपीचें नांव देऊन पहिल्या व शेवटल्या पानाचें चित्र जोडावयाचें. वाचन मागाहून होईल. मोडीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें असलें तरी हस्तलिखित मोडी यंत्रानें निर्दोष वाचून दिल्याचा अनुभव आम्हांस अद्यापि आलेला नाहीं, म्हणून त्या कागदांचाही सारांश हातानेंच लिहिला जातो. हें काम संथ आहे. बाईंस तें देवघेवीच्या वेळेबाहेर करावें लागतें, आणि त्याबद्दल त्यांस वेगळें वेतन नाहीं. ज्या संस्था पोथ्यांच्या चित्रांसाठीं यंत्रें मिळवितात त्यांनीं नोंद करणाऱ्या माणसाचाही खर्च धरावा, अशी आमची सूचना आहे. यंत्र नसतें तर ही पोथी उशीरा सांपडली असती, पण बाईंनीं रुमाल सोडला नसता तर ती सांपडलीच नसती.

पोथीच्या मालकांस आम्हीं स्वतः जाऊन भेटलों व घडलेली चूक सांगितली. पोथी ग्रंथालयांतच राहूं देण्यास त्यांनीं संमति दिली आहे. पोथीचीं आरंभींचीं व मध्यांतील कांहीं पत्रें गहाळ असून अंतीं पुष्पिका नाहीं, तेव्हां लेखनकालाविषयीं तूर्त कांहीं सांगतां येत नाहीं. छापील आवृत्त्यांशीं पाठ ताडण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. जुन्या यादींतील उरलेल्या नोंदींपैकीं किती वेष्टनावरून केल्या व किती पोथी उघडून, हें आमच्या आज स्मरणांत नाहीं. म्हणून दर गुरुवारीं ग्रंथालय बंद झाल्यावर एकेक रुमाल सोडून पाहावयाचा, असें बाईंनीं व आम्हीं ठरविलें आहे. आजपर्यंत सहा झाले.